भुंगेऱ्यांना ‘अठरापगड’ म्हणता येईल का?

रानवाट: भुंगेऱ्यांवरच्या एका लेखाचं मराठीत भाषांतर करतेय. जगभरात त्यांच्या ४ लाखांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात. मूळ लेखिकेला हा सगळा पसारा एका वाक्यात उभा करायचाय. मी लिहिलं, ‘भुंगेऱ्यांचं हे अठरापगड जग’. संपादकांनी ते खोडून ‘प्रचंड वैविध्य’ केलं. म्हणाले, अठरापगड फक्त माणसं असतात. पण ‘प्रचंड वैविध्य’ वाचून माझ्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. आमची आजी बटणांच्या डब्याला अठरापगड म्हणायची, जोडीचं बटण त्यात कधी सापडायचं नाही म्हणून. ती चुकत होती का?

उंबरठा: संपादकांचं बरोबर आहे. यातलं पगड म्हणजे पगडी. ज्या त्या जातीची, पेशाची डोईला बांधायची रीत वेगळी, म्हणून अठरापगड जाती. शब्दातच माणूस आहे. तो काढून टाकला की उरलं काय?

काजवा: उरले की अठरा! अठरा पुराणं, महाभारताची अठरा पर्वं, अठरा अक्षौहिणी, अठरा अलुतेदार, शिवकाळातले अठरा कारखाने. आपल्याकडे अठरा म्हटलं की ‘जेवढे म्हणून आहेत तेवढे सगळे’. आणि ‘अठरा धान्यांचं कडबोळं’ घ्या. मूळ बोलणं धान्याचं, पण आपण ते माणसांच्या गटालाच लावतो. धान्यावरून माणसांवर येता येतं, तर माणसांवरून भुंगेऱ्यांवर का नाही?

उंबरठा: कडबोळं म्हणताना नाक मुरडलेलं असतं. रानवाटताईंना कौतुक करायचंय.

पाटीपेन्सिल: अठरावरून आठवलं. ‘अठराविश्वे दारिद्र्य’मधलं विश्वे म्हणजे वीस, अठरा विसा ३६०, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस गरिबी, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. मला ते अजून पटतं.

काजवा: हिशेब जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळतेच असं नाही हो.

शाईदौत: उंबरठा यांचा नाक मुरडण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. वैविध्य सांगणारे आपले शब्द हळूहळू तिकडेच घसरतात. संस्कृतात ‘चित्र’ म्हणजे ठिपक्यांचं, रंगीबेरंगी. चितळ आणि चित्ता त्यातूनच आले. ‘विचित्र’ म्हणजे नाना रंगांचं, नाना प्रकारचं. मराठीत तो शब्द विक्षिप्त होऊन बसला. ‘तऱ्हा’ म्हणजे नुसता प्रकार, पण तऱ्हेवाईक माणसापासून आपण दोन हात लांब राहतो. ‘सतराशे साठ’ला पुढे भानगडीच लागतात. ‘असे छप्पन्न पाहिलेत’ हे कुणी प्रेमानं म्हणत नाही. वेगळेपण मोजता मोजता आपल्याला त्याचा वैताग येतो की काय? अठरापगडला अजून तो डाग लागलेला नाही, म्हणून तो जपावा आणि भुंगेऱ्यांना खुशाल द्यावा.

उंबरठा: जपायचा म्हणूनच तर सैल करू नका! कशालाही लावला की त्याचा ‘विविध’ होईल. आणि ‘तऱ्हा’ अरबीतून आलेला. आपल्या घरात ‘नानाविध’, ‘बहुविध’ आहेत ना.

काजवा: ते संस्कृत चालतात आणि अरबी नको? तऱ्हा आमच्या आजीपणजीच्या तोंडात होता. नानाविध तिनं एकदाही उच्चारला नसेल.

पाटीपेन्सिल: शुद्धतेचा विषय निघालाच आहे तर हल्ली दिसणाऱ्या ‘वैविध्यता’बद्दल बोला कुणीतरी. ‘विविध’चं भाववाचक एकतर वैविध्य, नाहीतर विविधता. त्यावर पुन्हा ‘ता’ म्हणजे टोपीवर टोपी. सौजन्यता, ऐक्यता, सगळी तीच गत. फार त्रास होतो वाचताना.

शाईदौत: त्रास मलाही होतो, पण लोक तो ‘ता’ का लावतात ते बघा. ‘वैविध्य’ त्यांना भाववाचक वाटतच नाही. ‘जैवविविधता’ कानात बसलाय, २००२च्या कायद्याच्या नावातही ‘विविधता’च आहे. त्याच चालीवर जीभ जाते.

उंबरठा: चूक ती चूकच. जीभ जाईल तिकडे कोश न्यायचा का?

काजवा: कोश तिथूनच तर भरतात.

रानवाट: माझं वाक्य राहिलंच. काल पुन्हा बसले तेव्हा जाणवलं, की आपण बोलताना वैविध्य नामातून सांगतच नाही. शब्द दोनदा म्हणतो: तऱ्हेतऱ्हेचे, परोपरीचे, वेगवेगळे. तसं करून पाहिलं: ‘शिंगांचे, सोंडांचे, सोनेरी पाठीचे, तऱ्हेतऱ्हेचे भुंगेरे’. आता डोळ्यांपुढे भुंगेरे येतात, पण ‘जग’ निसटलं.

शाईदौत: ‘सोनेरी पाठीचे’ सुंदर. पण मी अजून अठरापगडच्याच बाजूला.

उंबरठा: मी नाही. आणि तऱ्हेतऱ्हेचे लिहिणार असाल तर निदान ‘परोपरीचे’ करा.

काजवा: परत अरबीवर आलात!