फाशीच्या पोस्टला उत्तर: चौकात नको, कोर्टात या

सात रस्ता: काल इथे 'जुनी मिल' या टोपणनावानं एकांनी लिहिलं, बलात्काऱ्याला सोलापूरच्या 'चार हुतात्मा' चौकात सगळ्यांदेखत फाशी द्या, म्हणजे पुन्हा कुणाची हिंमत होणार नाही. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. त्या चौकात पुतळे कुणाचे आहेत? धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून १२ जानेवारी १९३१ ला इंग्रजांनी चौघांना येरवड्यात लटकवलं. फाशी मागे घेता येत नाही, हे सोलापूरकरांना सांगावं लागू नये.

आणि फाशी कायद्यात आहेच. बारा वर्षांखालच्या मुलीवर बलात्कार किंवा अठराखालच्या मुलीवर सामूहिक बलात्कार झाला तर नव्या भारतीय न्यायसंहितेत मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. आमच्या नात्यातली पोर नववीत होती. करणारा तिचा मामा. आजीनं पोरीचे पाय धरले, "तोंड उघडलंस तर त्याला फासावर देतील." चार महिने पोर गप्प राहिली. तोवर वैद्यकीय पुरावा कुठला राहतोय? पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, शक्यतो वर्षभरात खटला संपवा असं लिहिलंय. आमचं सहावं वर्ष चालू आहे.

जुनी मिल: ताई, वाचून वाईट वाटलं. पण माझी मुलगी गारमेंटात दुसऱ्या पाळीला जाते. रात्री अक्कलकोट रोडवरून येईपर्यंत मी दारात उभा असतो. मला कलमं सांगू नका, भीती पाहिजे!

टॉवेलवाला: भीती आहे की, पण नको त्याला. न्यायसंहितेचं कलम ६९ बघा. लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत कैद. माझ्या धाकट्या भावाचं दोन वर्षं जमलं होतं. जात आडवी आली, मुलीच्या घरच्यांनी तक्रार करायला लावली. अकरा दिवस आत होता. माग बंद, मागावरचा माल तसाच पडून.

घरकुल: तुमचा भाऊ आठवतो, माझी बहीण कुणाला आठवणार? त्या माणसाचं आधी लग्न झालेलं, दोन लेकरं. तीन वर्षं तिला फिरवलं. तेव्हा हे कलम नव्हतं. ठाण्यात म्हणाले, "स्वखुशीनं गेली होतीस ना?" नोकरी लावतो म्हणून फसवलं तरी तेच ६९ लागतं. विड्या वळणाऱ्या बायकांना विचारा, ते का पाहिजे.

टॉवेलवाला: म्हणजे प्रत्येक तुटलेलं लग्न गुन्हा?

घरकुल: असं कोण म्हणालं? वचन देतानाच पाळायचा इरादा नसेल तरच ते लागतं. नीट वाचा आणि मग भांडा.

टॉवेलवाला: तो इरादा ठरवतं कोण? कोर्ट, पाच वर्षांनी. अटक मात्र दुसऱ्या दिवशी!

घरकुल: ...ते खरंय. अटकेआधी चौकशी व्हावी, एवढं मान्य. कलम काढा म्हणालात तर मान्य नाही.

नवी पेठ: तुम्ही बाईचंच बोलताय. जुन्या दंडसंहितेतल्या ३७७ मधून, म्हणजे 'अनैसर्गिक' संबंधांच्या कलमातून, प्रौढांचे सहमतीचे संबंध २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सोडवले, चांगलं झालं. पण नव्या संहितेत ते कलमच नाही. पुरुषावर जबरदस्ती झाली तर बलात्काराचं कलम त्याला लागत नाही, मारहाण वगैरेच लावायचं. आणि बलात्काराच्या कलमातून नवऱ्याला अजून सूट आहेच, बायको अठराच्या पुढची असली की झालं!

जुनी मिल: सगळे भलतीकडेच निघालात! मी लहान लेकरांबद्दल बोलत होतो.

सात रस्ता: मीही. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीनं २०१३ मध्येच बलात्काराला फाशीची शिफारस केली नव्हती. दादा, रागावू नका, एक मागते. मंगळवारी आमची तारीख आहे. आत कुणाला घेत नाहीत, पण बाहेर बाकावर त्या मामाकडची पंधरा-वीस माणसं बसतात. पोर त्यांच्यासमोरून चालत जाते. आमच्याकडून मी एकटी असते.

जुनी मिल: चौकाचं मागे घेतो. फाशीचं नाही घेणार. किती वाजता येऊ?

सात रस्ता: साडेदहा. मुलीलाही आणा, तिच्याशी बोलायला कुणीतरी बरोबरीचं हवं.