दुसरीतला मुलगा वाचनात-गणितात मागे पडतोय, शिकवणी लावू का?

धागाकर्ती: लेक दुसरीत आहे. तोंडाने एकदम चुणचुणीत, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो. पण पुस्तक उघडलं की पोटात दुखतं. ‘घर’चं ‘धर’ वाचतो आणि जोडाक्षर आलं की अंदाजे काहीतरी ठोकून देतो. एकोणतीस लिही म्हटलं की ३९. शाळेचा निरोप एवढाच, “घरी अभ्यास घ्या.” रोज दोन तास घेते. शेवटी दोघंही रडतो. शिकवणी लावावी का? चांगली कशी ओळखायची?

निवृत्त बाई: आधी ते दोन तास बंद करा. मग डोळे आणि कान तपासून घ्या. माझ्या वर्गात एक मुलगी फळ्यावरचं सोडून शेजारणीच्या वहीतून उतरवायची. मी कितीदा ओरडले तिला! शेवटी चष्मा निघाला. अजून वाईट वाटतं.
आणि ३९ ही चूक हुशारीची आहे हो. ‘एकोण’ आलं की शेवटी ९, हे त्याने पकडलंय. ‘तीस’ ऐकून ३ लिहितो. दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे रबर लावून द्या आणि सांगा, यातली एक काडी मला दे. एक गठ्ठा सोडावाच लागेल. उरलेल्या त्यालाच मोजू दे. तेवीसचे ३२ होत असतील तरी काड्याच काढा. तिथे तीन आधी ऐकू येतात आणि लिहायचे मात्र नंतर.

शाईचा डाग: मुलगे उशिराच शिकतात. चौथीपर्यंत येईल आपोआप.

दोघांची आई: हेच ऐकत आम्ही दोन वर्षं घालवली. थोरल्याला डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातली अडचण. त्याचा बुद्धीशी संबंध नसतो, वाचायला वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं. तुमच्याकडे तेच असेल असं नाही, पण काही महिने नेमाने सराव करूनही फरक पडला नाही तर तज्ज्ञांकडून तपासून घ्या.
तोवर रोज १० मिनिटं पुरे. पहिलीच्या पातळीचं पुस्तक घ्या, एक ओळ तुम्ही वाचा, एक त्याने. अडला तर तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगून टाका. घ आणि ध एकत्र घोटवू नका. घ पक्का होऊ दे, मग ध.
शिकवणीचं म्हणाल तर, पहिल्या आठवड्यात काय करणार ते विचारा. “शाळेचा गृहपाठ पूर्ण करून घेऊ” म्हणाले तर नको. कुठे अडतो ते आधी बघणारी व्यक्ती शोधा. वर्गशिक्षिकेलाही ‘कसा आहे?’ विचारू नका, ‘नेमका कुठे थांबतो?’ विचारा.

धागाकर्ती: डोळ्यांची वेळ घेतली. काल काड्या काढल्या. गठ्ठा सोडला, एक मला दिली, उरलेल्या दोनदा मोजल्या आणि माझ्यावरच चिडला, “मग सरळ वीस आणि नऊ म्हणा ना!”