मदत हवी आहे: २०० सेल कॅटचा डाउनपाइप

मंडळी, गाडी १.० लिटर टर्बो पेट्रोल, बीएस-६. मूळ कॅटच्या (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जागी २०० सेलचा (चौरस इंचाला २०० छिद्रं) धातूचा कॅट असलेला डाउनपाइप (टर्बोतून धूर पुढे नेणारा पाइप) बसवायचा आहे. कॅटशिवायचा सरळ पाइप कृपया सुचवू नका. तो बेकायदेशीर आहेच, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मागच्या रिक्षावाल्याने तो धूर का खावा?

खरी अडचण कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरची. सेल कमी असले की कॅटची ऑक्सिजन साठवायची ताकद घटते, सेन्सरचं व्होल्टेज स्थिर न राहता वरखाली होतं आणि पी०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा) कोड येतो. ३०० सेल घेतला तर टळतो का? कोणी स्कॅनरवर लाइव्ह डेटा पाहिला असेल तर आकडे टाका. स्पेसर (सेन्सरला धुराच्या झोतापासून लांब धरणारा तुकडा) लावून सेन्सरला फसवायचं नाही.

दुसरं, वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीत एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) पाइपला आतून आर्गॉन वायू सोडून टिग वेल्डिंग करणारं कोणी आहे का? आर्गॉन नसेल तर जोड बाहेरून देखणा, पण आतून काळा नि दाणेदार होतो, आणि तिथेच पुढे तडा जातो. सेन्सरच्या बंगचे (पाइपवर वेल्ड केलेला, सेन्सर बसवायचा नट) आटे एम१८ बाय १.५ आहेत, वेल्डिंग करताना त्यात बोल्ट घालून ठेवणारा कारागीर हवा, नाहीतर उष्णतेने आटे वाकडे होतात.

मजुरीचा अंदाजही सांगा.