मदत हवी आहे: फॅन्टसी प्रीमियर लीगमध्ये स्वस्त बचावपटू कसे निवडावेत?

सोलापुरात पार्क मैदानावर सकाळी खेळणाऱ्या आम्हा मित्रांची फॅन्टसी प्रीमियर लीग आहे, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या फुटबॉलपटूंचा काल्पनिक संघ करायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवायचे. पैसे लावत नाही, पण चुरस जबरदस्त असते.

१०० मिलियनच्या काल्पनिक बजेटमध्ये १५ खेळाडू बसवायचे आणि एका क्लबचे जास्तीत जास्त ३. महागडा स्ट्रायकर हालांड मी सोडणार नाही, त्यामुळे बचत बचावफळीतच करायची आहे. २०२५-२६ पासून बचावपटूला टॅकल, इंटरसेप्शन, ब्लॉक, क्लिअरन्स मिळून १० झाले की २ गुण मिळतात. माझ्या मते इथेच खरा माल स्वस्तात मिळतो. गुणतक्त्यात खालच्या क्लबचा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) सामनाभर चेंडू बाहेर फेकत असतो. क्लीन शीटचे (संघाने एकही गोल न खाल्ल्याचे) ४ गुण त्याला क्वचितच मिळतात, पण हे २ गुण हरलेल्या सामन्यातही मिळतात. शिवाय कॉर्नरवर हेडर लागलाच तर बचावपटूच्या गोलला ६ गुण, स्ट्रायकरच्या गोलला ४च.

आतापर्यंत फक्त एकूण गुण आणि किंमत यांचा भागाकार करून पाहिला. त्यात एकदाच गोल केलेले खेळाडू उगाच वर येतात. प्रति ९० मिनिटे आकडे काढले, तर बदली म्हणून थोडा वेळ उतरलेले वर येतात. फुल-बॅक (कडेचे बचावपटू) तूर्त नकोत. पैसे भरून घ्यायची आकडेवारीही नको. संघातले खेळाडू ठरल्यापेक्षा जास्त बदलले की प्रत्येक जादा बदलाला ४ गुण कापले जातात, म्हणून दर आठवड्याला अदलाबदल जमणार नाही.

किमान किती मिनिटे खेळलेला बचावपटू हिशेबात धरावा? आणि असे तिघे घेऊन ३-५-२ (बचावपटू-मिडफिल्डर-स्ट्रायकर) बरे, की पाच घेऊन ५-४-१?