शिकारी रायफलचा कारखान्यातला ट्रिगर बदलावा का?

पेनवासी
मंडळी, पेन्सिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा माझा हा चौथा हंगाम. रायफल .३०८ काडतुसाची, बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची. ट्रिगर कारखान्यातून आला तसाच. गेज लावून दहा वेळा ओढला, सुटायला सरासरी साडेपाच पौंडांचा जोर लागला, म्हणजे जवळपास अडीच किलो. शिवाय सुटण्याआधी खरखरत सरकतो. रेंजवर जीव नकोसा करतो.

तरी मी तो बदलणार नाही. गेल्या डिसेंबरात भल्या पहाटे, जाड हातमोजे, बोटं बधिर. नर हरीण समोर आलं, मी सेफ्टी काढली, दाब द्यायला लागलो आणि त्याच्या मागच्या झाडीत नारिंगी जाकीट हललं. माणूस! बोट तिथेच थांबलं. दोन पौंडांच्या ट्रिगरवर थांबलं असतं का? मला नाही वाटत.

रानवाट
साफ असहमत. मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय बोट ट्रिगरवर गेलंच कसं? तुमच्याकडे डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी कपडा सक्तीचा आहे, तो याचसाठी. चूक बोटाची, श्रेय मात्र ट्रिगरला!

जड ट्रिगरची दुसरी बाजू मी भोगली आहे. सात पौंडांची रायफल आणि सहा पौंडांचा ओढा, नेम हलणारच. गोळी पोटात लागली. रात्री दहापर्यंत रक्ताचा माग काढला, हरीण सापडलं नाही. ते आजही डोळ्यांसमोरून जात नाही. दुसऱ्याच दिवशी ट्रिगर बदलला.

जुना_नेमबाज
हलका म्हणजे धोकादायकच, असंही नाही. सॅव्हेज कंपनीच्या ॲक्युट्रिगरमध्ये मधोमध एक पातं असतं. ते दाबल्याशिवाय सिअर, म्हणजे खटका अडवून धरणारा तुकडा, सुटत नाही, त्यामुळे ओढा कमी ठेवता येतो.

आणि कारखान्याचा म्हणून डोळे मिटून विश्वास नको. २०१४ मध्ये रेमिंग्टनने मे २००६ पासून बनलेल्या मॉडेल ७०० आणि सेव्हन रायफली एक्स-मार्क प्रो ट्रिगरसाठी परत मागवल्या. जुळणीत चिकटद्रव्य जास्त पडलं होतं आणि काही रायफली ट्रिगर न ओढता सुटू शकत होत्या. ट्रिगर कोणताही असो, चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट ओढून खटका चढवा आणि दस्त्यावर रबरी हातोडा मारा. खटका पडला तर ती रायफल रानात नेऊ नका.

पेनवासी
रानवाट, बोटाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, मनाला लागलं. पण थंडीत बोट फसतं हेही खरं, आणि तेव्हा मला तो जडपणा हवा आहे. खरखर मात्र गनस्मिथकडून काढून घेतो. चार पौंडांखाली उतरणार नाही.

रानवाट
चार? मग माझं-तुमचं भांडण एका पौंडाचं उरलं. माझा तीनवर आहे. आणि हातोड्याची परीक्षा मी आज रात्रीच घेतोय.