मदत हवी आहे: माऊस न वापरता लिब्रेऑफिस रायटरमध्ये फिरायचं कसं?

नमस्कार मंडळी. उजवं मनगट दुखतंय म्हणून गेले तीन आठवडे माऊस बाजूला ठेवलाय. विंडोजवर लिब्रेऑफिस रायटरमध्ये (मजकूर लिहायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये) लांबलचक मजकूर तपासायचं काम असतं, तेही थांबवता येत नाही.

बरंचसं जमलंय. एफ१० दाबलं की वरचा मेनू जागा होतो, मग बाणांच्या कीज. ऑल्ट धरून एफ दाबलं की फाइल मेनू थेट उघडतो. राइट क्लिकऐवजी शिफ्ट-एफ१०. एफ६ने मेनू, टूलबार, साइडबार असं पुढे सरकता येतं आणि कंट्रोल-एफ६ने परत मजकुरात. ही शेवटची की सापडली त्या दिवशी खरंच हायसं वाटलं.

अडलंय ते दोन ठिकाणी. कंट्रोल-एचने फाइंड अँड रिप्लेसची (शब्द शोधून बदलायची) खिडकी उघडते, शब्द सापडतो, पण आजूबाजूचं वाक्य दुरुस्त करायला मजकुरात जायचं तर दर वेळी एस्केप दाबून ती बंद करावी लागते. शंभर-सव्वाशे ठिकाणी असं करताना जीव मेटाकुटीला येतो. खिडकी उघडी ठेवून ये-जा कशी करायची?

दुसरं, साइडबारमध्ये स्टाइल्सच्या (मथळा, परिच्छेद वगैरेंच्या तयार मांडणीच्या) यादीपर्यंत पोचायला टॅब खूप वेळा दाबावा लागतो. जवळचा रस्ता आहे का?

जे रोज फक्त कीबोर्डवर काम करतात त्यांनी कृपया सांगा. कीज कोणत्या क्रमाने दाबायच्या तेही लिहा.