‘एम्प्लॉयी व्हॅल्यू प्रपोझिशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) भरतीचं पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हींत काढायचं आहे. ‘कर्मचारी मूल्य प्रस्ताव’ चालेल का?

उत्तर १: पत्रकावर नको. ‘मूल्य’ म्हटलं की किंमत आठवते, नाहीतर नीतिमूल्यं. आणि प्रस्ताव मंजुरीसाठी मांडतात. इथे सांगायचंय ते एवढंच, की कामगाराच्या कष्टाच्या आणि कसबाच्या बदल्यात कंपनी त्याला काय देते. फायलीत ‘ईव्हीपी’ हे इंग्रजी लघुरूप राहू द्या. पत्रकावर ‘आमच्याकडे काम का करावं?’ हे साचे करणाऱ्या मोल्डरलाही कळतं, ऑफिसातल्यालाही.

उत्तर २: जास्त गल्लत ‘सवलत’ या शब्दाने होते. जाहिरातींत सर्रास ‘पीएफ, ईएसआयची सवलत’ छापतात (ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा). पीएफमधला मालकाचा १२ टक्के वाटा, २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय, पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस, दुप्पट दराने ओव्हरटाइम ही सगळी कायद्याची देणी आहेत. ती ‘हक्काचं देणं’ म्हणून वेगळी लिहा. पगार ७ तारखेच्या आत देणं हाही कायदाच. १ तारखेलाच खात्यावर जमा होत असेल, तर ते तुमचं स्वतःचं, ते ठळक छापा.

उत्तर ३: शब्द नंतर, आधी मजकूर गोळा करा. मोल्डिंग, फेटलिंग (ओतलेल्या भागांची घासून सफाई), मशीन शॉप, ऑफिस अशा प्रत्येक खात्यातल्या आठ-दहा जणांशी वेगवेगळं बोला. नवे आणि जुने दोन्ही हवेत. प्रश्न तीनच: इथे का आलात, का टिकलात, कशामुळे सोडाल? सुपरवायझर शेजारी बसवू नका, नाहीतर सगळे ‘बरं चाललंय’ म्हणून उठतील. मग उत्तरं हजेरीपटाशी, पगाराच्या तारखांशी आणि सोडून गेलेल्यांच्या नोंदीशी ताडून बघा. जे गेल्या बारा महिन्यांत एकदाही चुकलं नाही, तेच लिहा.

खानापूर-चंदगडकडचे कामगार असतील तर भातकापणीला हजेरी घसरतेच. ‘कापणीच्या रजेची पाळी महिनाभर आधी फळ्यावर लागेल’ ही एक ओळ दहा विशेषणांपेक्षा कामाची. निपाणीच्या माणसाला कागलची एमआयडीसी जवळ पडते. त्याला इकडे आणायचं तर बस कुठून, किती वाजता सुटते आणि रात्रपाळीलाही असते का, हे लिहावंच लागेल.

प्रश्न: ‘आम्ही एक कुटुंब’ ठेवू का?

उत्तर २: काढा. त्याचा पुरावा मागता येत नाही. त्याऐवजी ‘फेटलिंगमधून सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) जायचं तर सहा महिन्यांचं शिक्षण, पगार चालू’ असं काहीतरी, पण खरोखर देत असाल तरच. पहिल्याच महिन्यात खोटं ठरलं तर माणूस जातो आणि गावात सांगतोही.

उत्तर १: कन्नड मजकूर मराठीवरून उतरवू नका. मुद्दे आणि आकडे तेच ठेवून कन्नड बोलणाऱ्याकडून नव्याने लिहून घ्या, आणि छापण्याआधी दोन्हींतल्या तारखा, रकमा शेजारी ठेवून तपासा.